दुःखाच्या घरून उठण्याची रीत

दुःखाच्या घरी जाऊन बसणं सोपं असतं; खरी परीक्षा असते ती तिथून उठण्याची. माझं हे मत आमच्या विमा कंपनीच्या हैदराबादमधल्या हिमायतनगर शाखेत सगळ्यांना पाठ आहे, कारण मी ते सगळ्यांना पुष्कळदा ऐकवलेलं आहे. मी मृत्युदाव्यांच्या विभागात काम करतो. विमेदार गेला की त्याच्या घरी जायचं, कागद गोळा करायचे, घरच्यांचं ऐकून घ्यायचं आणि परत यायचं. या कामात मी नाव कमावलंय. दुसऱ्या शाखांमधूनसुद्धा फोन येतात, "प्रकाशसाहेबांना पाठवा, त्यांचा चेहराच तसा आहे." याला मी स्तुती समजतो. माझी बायको अनुराधा समजत नाही.

तर संघपालला माझ्या हाताखाली दिलं, ते त्यानं विद्यानगरला केलेल्या घोटाळ्यामुळे. मुलगा नवा, अजून प्रोबेशनवर. घर मूळचं नांदेडकडचं, पण जन्म आणि शिक्षण सगळं हैदराबादेत झालेलं. कामाला चपळ, बोलायला गोड. विद्यानगरच्या एका मराठी घरातले गृहस्थ वारले होते, तिथं हा कागद आणायला गेला. सगळं व्यवस्थित केलं. आणि निघताना दारात उभा राहून, हसून, चांगल्या मोकळ्या आवाजात म्हणाला, "येतो बरं का, काकू! पुन्हा येतो!"

मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. पुन्हा येण्याची वेळ यावी, म्हणजे त्या घरात पुन्हा तसंच काहीतरी घडावं, असा त्याचा अर्थ होतो. तिथून गुपचूप उठायचं, निरोप घ्यायचा नाही, मागं वळून बघायचं नाही. त्या घरची थोरली सून शाखेत आली आणि तक्रार देऊन गेली.

आमचे शाखाधिकारी सुदर्शन रेड्डी यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "प्रकाशगारू, 'येतो' बोले तो क्या हुआ, मेरे कू तो समझ में नहीं आया," ते म्हणाले. तेलुगूत 'गारू' म्हणजे आपलं 'राव'. "मगर कंप्लेंट तो कंप्लेंट है. और एक आई तो मैं छोकरे को कन्फर्म नहीं कर सकता. अपना मेंटॉर स्कीम आया ना? आप भी मराठी, वो भी मराठी. आप सिखाव."

ही मेंटॉरची योजना कंपनीनं नुकतीच काढली होती. त्यासाठी आम्हा ज्येष्ठांचा एक वर्गही झाला होता. मेंटॉरनं आधी ऐकावं, मग विचारावं आणि सगळ्यात शेवटी सांगावं, असं एका तरुण मुलीनं आम्हाला पडद्यावर दाखवलं होतं. माझ्याकडे वेळ कमी असल्यामुळे मी शेवटापासून सुरुवात केली. बरंच सांगून झाल्यावर मात्र राहवेना, म्हणून विचारलं, "तुला ही रीत खरंच माहीत नव्हती?"

"नाही सर," संघपाल म्हणाला. "आमच्याकडं निघताना जयभीम म्हणतात. लग्नाच्या घरी बी तेच, मयताच्या घरी बी तेच. त्या काकू वेगळ्या घरच्या, म्हणून मी विचार करून 'येतो' म्हणलो. त्यान्ला बरं वाटंल म्हणून."

त्यांची रीत आमच्यापेक्षा सोपी आणि सरळ होती, हे मला मान्य करावं लागलं. मी ते मनातल्या मनात मान्य केलं आणि शिकवणं पुढं चालू ठेवलं.

पांढरा शर्ट. खुर्ची दाराजवळची. आवाज खालचा. पाणी चालेल, चहा नाही. आणि उठताना फक्त हात जोडायचे, तोंडातून अक्षर काढायचं नाही. हे नुसतं सांगून अंगात मुरत नाही, म्हणून रविवारी मी त्याला मलकपेठला घरी बोलावलं आणि दिवाणखान्यात तालीम घेतली. दुःखी पत्नीचं काम अनुराधाकडे आलं. "म्हणजे गेलंय कोण?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कोणी का असेना." ती म्हणाली, "असं कसं? मला कळायला नको, किती दुःख करायचं ते?" शेवटी तर्कानं बघता मीच गेलेला होतो. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि भिंतीला टेकून बसली. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो, कारण चहा नाकारायचा सराव करायचा तर तो कुणीतरी आणायला हवा.

दार मी मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. दुःखाच्या घराचं दार कधी लावलेलं नसतं. समोरचे एकनाथराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पेपर मागायला आले. त्यांनी पाहिलं की अनुराधा खाली मान घालून बसलीय, समोर पांढऱ्या कपड्यातला कंपनीचा मुलगा बसलाय आणि तो हळू आवाजात म्हणतोय, "साहेबांसारखा माणूस पुन्हा होणार नाही." एकनाथराव पेपर न घेताच माघारी वळले.

मी ट्रे घेऊन बाहेर आलो तेव्हा जिन्यात गर्दी झाली होती. वॉचमननं लिफ्ट आमच्या मजल्यावर आणून मोकळी ठेवली होती. वरच्या मजल्यावरच्या चारुलताबाई अनुराधाला जवळ घेण्यासाठी चपला काढत होत्या. मला पाहून त्यांनी किंकाळी फोडली. एकनाथराव मात्र माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, की जणू मी त्यांना दिलेला शब्द मोडला होता.

"हे बरोबर नाही, प्रकाशराव," ते म्हणाले. "माणसानं शेजाऱ्यांचा काही विचार करावा. मी तुमच्या भावाला फोन केलाय."

भावाला पुन्हा फोन करून मी जिवंत असल्याचं कळवलं. त्याचा विश्वास बसायला वेळ लागला, कारण फोनवरही माझा आवाज तालमीतलाच होता. तोवर एकनाथराव माझा चहा पीत खुर्चीवर बसले होते आणि संघपालला शिकवत होते. हुंदका आला तर पुरता गिळायचा नाही, थोडा दिसू द्यायचा. चारुलताबाईंचं म्हणणं, दहाव्यानंतर चहा चालतो. यावर दोघांचं वाजलं. अनुराधा पदर सारखा करून उठली आणि म्हणाली, "मी गेले असते, तर एवढी माणसं जमली असती का हो?"

पण संघपाल तयार झाला, हे खरं. नंतर दोन घरी तो एकटा जाऊन आला आणि दोन्ही घरांतून शाखेत फोन आला, की पोरगा फार समजूतदार आहे. माझी छाती फुगली. त्याच्या घरात कायम नोकरी लागणारा तो पहिलाच. कन्फर्म झाल्यावर गल्लीत खीर वाटायची, असं त्याच्या आईनं ठरवून ठेवलं होतं. ती खीर आता आपल्या हातून वाटली जाणार, असंच मला वाटायला लागलं होतं.

आणि नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबरात आमची कंपनी आपल्याकडून पेन्शन घेणाऱ्यांची हयाती तपासते. म्हणजे माणूस जिवंत आहे ना, हे बघते. ज्यांना शाखेत येणं जमत नाही, त्यांच्या घरी कुणीतरी जाऊन बघून येतं. अंबरपेठचे अप्पाराव त्यांपैकी एक. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त होऊन जमाना झालेला, गुडघे गेलेले, बाकी ठणठणीत. रेड्डींनी तिकडे संघपालला पाठवलं. जाताना तो माझ्या टेबलाशी आला. मी फोनवर होतो.

"सर, अप्पारावांच्या घरी जायचंय. कसं करू?"

"शिकवलंय तसंच कर," मी फोनवर हात ठेवून म्हणालो. "आणि कॉम्प्युटरवर भेट आपल्या विभागाच्या नावानं चढव, म्हणजे मला दिसेल."

अप्पाराव जिवंत आहेत, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मेंटॉरनं सांगितलंय म्हटल्यावर उलट प्रश्न विचारायचा नसतो, हेही मीच त्याला शिकवलं होतं.

पुढचं मला पद्मावतीबाईंकडून, म्हणजे अप्पारावांच्या पत्नीकडून कळलं. विमा कंपनीचा मुलगा पांढरा शर्ट घालून आला. आत न येता दाराजवळच्या खुर्चीत बसला. अप्पारावांकडे बराच वेळ कळवळून बघत राहिला. बाईंनी प्रेमानं चहा केला, तो त्यानं हात जोडून नाकारला. पोहे नाकारले. खाली मान घालून अप्पारावांचा फोटो काढला. आणि मग उठला, हात जोडले आणि न बोलता निघाला. पद्मावतीबाई दारापर्यंत गेल्या. "अरे लेकरा, येतो म्हण! येतो म्हणावं बाबा!" असं जिन्यातून ओरडत राहिल्या. संघपालच्या पाठीवर ते सगळे शब्द पडले असणार, पण त्यानं वळून पाहिलं नाही. माझा विद्यार्थी होता तो.

संध्याकाळी अप्पारावांच्या मोबाइलवर मेसेज आला. अप्पारावांच्या निधनाबद्दल कंपनी आपल्या दुःखात सहभागी आहे, असा. माझ्या विभागाच्या नावानं भेट चढवली की कॉम्प्युटर माणसाला मयतच धरतो. त्याला दुसरं काही माहीत नाही.

अप्पारावांनी तो मेसेज दोनदा वाचला आणि अंथरूण धरलं. "ह्या विमावाल्यांकडं हिशोब असतोय," ते बायकोला म्हणाले. "कोण किती जगतंय ते त्यांला आधीच कळतंय. पोरगं बघूनच गेलं. निस्तं माझ्या तोंडाकडं बघायलतं बिचारं. त्याला सांगवंना." त्यांनी जेवण सोडलं. गल्लीतल्या मित्राला आपली काठी देऊन टाकली. परभणीहून बहिणीला बोलावून घेतलं, आणि बहिणीबरोबर बहिणीचं सगळं घर आलं.

पुण्याहून त्यांच्या मुलाची, प्रशांतची, रेड्डींना मेल आली. भाषा कडक होती. रेड्डींनी ती मला वाचून दाखवली आणि म्हणाले, "प्रकाशगारू, ये दूसरी है."

मी म्हटलं, आधी कॉम्प्युटरमधली चूक तर दुरुस्त करू. मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की मृत्यूची नोंद रद्द करायची असेल तर मृत्यूचा मूळ दाखला जोडावा लागेल. मी म्हटलं, मॅडम, ते मेलेलेच नाहीत. त्या म्हणाल्या, मग नोंद कशी झाली? दाखला नसेल तर दुसरा एकच मार्ग होता. मयत व्यक्तीनं स्वतः शाखेत येऊन शाखाधिकाऱ्यांसमोर उभं राहायचं. आणि आमची मयत व्यक्ती अंबरपेठला भिंतीकडे तोंड करून पडली होती.

तेव्हा मी ठरवलं, आपणच जायचं. माणसाची समजूत काढण्याचा माझ्याएवढा अनुभव शाखेत कुणाला आहे? अनुराधानं भाच्याच्या लग्नातला केशरी कुर्ता काढून दिला. "हसा," ती म्हणाली. "चहा घ्या. आणि निघताना येतो म्हणा, नाहीतर घरी येऊ नका." एकनाथरावांनीही जिन्यात अडवून सल्ला दिला, की पेढे न्या. मी पेढे नेले.

अप्पारावांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंजीवर नातेवाईक बसलेले, कोपऱ्यात बायका, मध्ये खाटेवर म्हातारा. मी हसलो. ते हसू पाहून बहिणीनं तोंडाला पदर लावला. मी चहा मागून घेतला, दोन कप घेतले. पेढा अप्पारावांच्या तोंडाजवळ नेला. "काका, तुम्हाला काही झालेलं नाही, मेसेज चुकून गेला," मी म्हणालो. पण समोर एवढी माणसं मान खाली घालून बसलेली, आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. इतक्या वर्षांची सवय. "मोठा माणूस होता" असं म्हणता म्हणता मी स्वतःला थांबवलं. पण 'होता' तोंडातून गेलाच होता.

अप्पारावांनी डोळे मिटले. आणि मग, देवाशपथ सांगतो, मी काहीही ठरवलं नव्हतं. माझे पाय उठले. माझे हात जुळले. आणि भानावर आलो तेव्हा मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होतो, आणि मी 'येतो' म्हणालो नव्हतो. परत वर जावं तर अशा घरून मागं फिरणं त्याहून वाईट. मी रस्त्यावर उभा राहिलो आणि वरच्या खिडकीकडे बघून जोरात ओरडलो, "येतो हो अप्पाराव! येतो! येतो!" एक रिक्षावाला थांबला आणि म्हणाला, "किधर जाना साब? आव, बैठो." खिडकीतून पद्मावतीबाईंनी खाली पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

इतका अपमान मला कधी सोसावा लागला नव्हता. पण खरं दुःख त्याचं नव्हतं. सोमवारी रेड्डी संघपालचा निर्णय करणार होते. हुशार, मनापासून काम करणारा मुलगा, आणि त्याला मी बुडवला होता.

दुसऱ्या दिवशी संघपाल म्हणाला, "सर, मी एकदा जाऊन येऊ का?"

"काय बोलणार आहेस?"

"माहीत नाही सर. काही शिकवू नका, प्लीज."

मी त्याच्याबरोबर गेलो, पण पद्मावतीबाईंनी मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "तुम्ही तिथंच थांबा," म्हणाल्या. तेव्हा पुढचं सगळं मी जिन्यात उभा राहून ऐकलं.

संघपाल खुर्चीवर बसला नाही. थेट खाटेवर, अप्पारावांच्या पायाशी बसला असावा, कारण खाट करकरली. मग त्याचा आवाज आला. "आजोबा, मला काहीच ठाऊक नव्हतं. साहेबांनी सांगितलं, शिकवलंय तसं कर. मी तसंच केलं. मयताच्या घरचं शिकवलं होतं त्यांनी. मी जित्या माणसाच्या घरी करून आलो. आता माझी नोकरी जायलीय. तुम्ही ऑफिसात येऊन उभं राहिलात तरच वाचंल. मला दुसरं कायी येत नाही बोलायला."

मग खाट पुन्हा करकरली, या वेळी जोरात.

"असं शिकवणारा येडा हाय तरी कोण?" अप्पाराव गरजले. त्यांचा आवाज गेले काही दिवस कुणी ऐकला नव्हता म्हणे. "त्यो काल केशरी घालून आलता त्योच ना? पदमे, माझं धोतर काढ. आन् कायतरी खायला घाल मला. त्याला जरा बघून घेतो."

मरायला टेकलेला माणूस केवळ माझ्यावरच्या संतापानं उठून बसला, याचा आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे मला तिथं जिन्यात ठरवता येईना. आत पोह्यांना फोडणी पडल्याचा आवाज आला तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी दोन रिक्षा आमच्या शाखेसमोर थांबल्या. अप्पाराव, पद्मावतीबाई, परभणीची बहीण आणि तिचं सगळं घर. अप्पाराव संघपालच्या खांद्यावर हात ठेवून केबिनमध्ये गेले आणि रेड्डींसमोर उभे राहिले. "अप्पाराव मैं," ते म्हणाले. "जिंदा हूँ. अच्छा देख लेव." रेड्डी खुर्चीतून उठले, नमस्कार केला आणि स्वतः कॉम्प्युटरवर त्यांना जिवंत केलं.

"अब बाबा, आपके बेटे की कंप्लेंट वापस लेते क्या?"

"नहीं लेता," अप्पाराव म्हणाले. "माझं आठ दिसाचं जेवण गेलं. काठी गेली. कंप्लेंट ऱ्हाऊ द्या."

रेड्डींनी कपाळाला हात लावला. "फिर किसी का तो नाम लिखना पड़ेगा ना, बाबा. विझिट तो इस छोकरे ने किया."

संघपाल भिंतीशी उभा होता. तो काही बोलला नाही. साहेब जे म्हणतील त्यावर बोलायचं नाही, हेही मीच त्याला शिकवलेलं. मी छताकडे पाहिलं. पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. निरोप समारंभात रेड्डी उठून म्हणतील, 'एवढ्या नोकरीत यांच्याविरुद्ध एकही तक्रार नाही,' हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात ऐकून ठेवलं होतं. त्या वाक्यावर माझा फार जीव होता. अप्पाराव माझ्याकडे टक लावून बघत होते.

"माझं लिहा," मी म्हणालो.

"प्रकाशगारू, सोच लेव. फाइल में रहता वो."

"रहने देव. मेंटॉर मी होतो. चूक शिकवणाऱ्याची आहे. मुलगा शिकवलं तसं वागला, आणि बिघडलेलं त्यानंच नीट केलं. माझं लिहा आणि त्याला कन्फर्म करा."

रेड्डींनी लिहिलं, आणि संघपालच्या कन्फर्म होण्याच्या कागदावर सही केली. अप्पारावांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. "हां," ते म्हणाले. "आज शिकवलंस बघ पोराला कायतरी."

मी बाहेर आलो तेव्हा संघपाल जिन्यात बसून आईशी फोनवर बोलत होता. बोलत होता म्हणजे रडत होता. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. त्यानं फोन माझ्या हातात दिला. "आईला बोलायचंय," तो म्हणाला.

"साहेब," पलीकडून आवाज आला, "लेकराला तुम्ही घडवलंत. तुमच्यासारखा शिकवणारा भेटला, म्हणून झालं हे."

खरं काय झालं ते सांगायला मी तोंड उघडलं. संघपाल डोळे पुसत, मान हलवून मला नको नको म्हणत होता. तेव्हा मी "हो, ताई" एवढंच म्हणालो. मला फार लाज वाटली, आणि तितकंच बरंही वाटलं.